शंभर बॉल की नऊ होल? मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या गोल्फचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या खेळाडू पंचेचाळिशी ओलांडलेल्या दंतवैद्य आहेत. मुलुंडला स्वतःचं क्लिनिक. इथे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतो. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांचा गोल्फ कोच. प्रश्न असा होता की हाताशी असलेला थोडा वेळ रेंजवर, म्हणजे एका जागी उभं राहून बॉल मारायच्या सराव-मैदानावर घालवायचा, की कोर्सवर, म्हणजे खऱ्या मैदानावर एकेक होल खेळण्यात?

मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घर रिकामं झालं आणि नवऱ्याच्या क्लबची जी सवलत इतकी वर्षं नुसती पडून होती ती त्यांनी वापरायला घेतली. दोनेक वर्षांत गोल्फ अंगात भिनला. क्लिनिकची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. मधली दुपार मोकळी, गुरुवारी क्लिनिक बंद. त्या दुपारीच त्यांचं सगळं गोल्फ व्हायचं. आठवड्यातून तीनदा रेंजवर जायचं, प्रत्येक वेळी शंभर बॉलची बकेट संपवायची, घरी येऊन आंघोळ, मग पेशंट. कोर्सवर मात्र महिन्यातून एखादा रविवार, तोही नवऱ्याच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, कुणी गळालं तर.

हे प्रमाण त्यांनी ठरवून निवडलं नव्हतं. मुंबईत गोल्फ म्हटलं की ते असंच पडतं. शहरात कोर्स मोजकेच. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवला विलिंग्डन, कुलाब्याला यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब. तिन्ही ठिकाणी सदस्य नाहीतर पाहुणे म्हणूनच खेळायचं. पैसे भरून कुणालाही खेळता येईल असा कोर्स म्हणजे खाडीपलीकडे सिडकोनं उभारलेला खारघर व्हॅलीचा. एक होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल छिद्रात जाईपर्यंतचा टप्पा; पूर्ण खेळाच्या अठरा होलना चार ते पाच तास लागतात, त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरला की अख्खा दिवस गेला. रेंज मात्र दोन तासांत उरकते. त्यामुळे इथल्या नोकरदाराचा, व्यावसायिकाचा गोल्फ बहुतांशी रेंजवरच्या कृत्रिम मॅटवर होतो.

अडचण

डॉक्टर माझ्याकडे आल्या तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणाल्या, "सर, रेंजवर माझं सात नंबर आयर्न दहातले आठ वेळा सरळ जातं. कोर्सवर गेले की तेच आयर्न माझ्याशी बोलत नाही. स्कोअर एकशे चारच्या खाली येत नाही. चौथा दिवस काढू का रेंजसाठी?" (आयर्न म्हणजे लोखंडी टोकाची स्टिक, नंबर जितका मोठा तितका बॉल कमी लांब जातो. स्कोअर म्हणजे एकूण फटके, कमी तेवढे चांगले.)

घरून उलट सल्ला होता. नवरा म्हणत होता, रेंज बंद कर आणि नुसती खेळ. क्लबातल्या ज्येष्ठ मंडळींचा तिसराच: पुटिंग (होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल घरंगळत आत घालणं) सुधारा, बाकीचं आपोआप येतं. तिघांनाही उत्तर ठाऊक होतं. पण त्यांना खेळताना नीट बघितलं कुणीच नव्हतं.

म्हणून आधी काहीही न शिकवता मी एका गुरुवारी रेंजवर त्यांच्या मागे बसून राहिलो आणि पुढच्या आठवड्यात कोर्सवर त्यांच्याबरोबर चाललो.

रेंजवर जे दिसलं ते असं. डॉक्टर मॅटवर उभ्या राहिल्या त्या पाऊण तास जागच्या हलल्या नाहीत. पुढचा बॉल आयर्नच्या टोकानं डब्यातून ओढायचा, पायांशी आणायचा, मारायचा. पाय तसेच, खांदे तसेच. मॅटची कड समोरच्या झेंड्याकडे रोखलेली होती, त्यामुळे निशाणा मॅटच लावून देत होती. पहिले पाच-सहा बॉल वाकडे, मग हात बसला आणि एकापाठोपाठ एक सरळ. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना आता शिकवायचं काय?

कोर्सवर मॅटची कड नव्हती. चौथ्या होलवर दुसरा फटका, सव्वाशे यार्ड, डावीकडे पाणी. डॉक्टरांनी सात नंबर काढलं, बॉलजवळ गेल्या, खाली बघितलं आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या पावलांच्या टोकांशी मी स्टिक आडवी ठेवली असती तर ती ग्रीनच्या उजवीकडे वीस यार्डांवरच्या झाडाकडे गेली असती. शरीराला ते कळतंच. मग हात शेवटच्या क्षणी बॉल डावीकडे ओढायला जातात, कधी जमतं, बहुतेक वेळा नाही. तेव्हाही नाही जमलं. बरोबरचे कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस) गेली कित्येक वर्षं याच कामात आहेत. बॉल पाण्यात गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मॅडम, रेंजवर तुम्ही झेंडा बघता. इथं नुसतं पाणी बघता."

दोष स्विंगचा होता, पण जेवढा वाटत होता तेवढा नव्हता. बॉलच्या मागे जाऊन दिशा ठरवणं, मग चालत येऊन त्या दिशेला उभं राहणं, ही गोष्ट त्यांनी शंभर बॉलांत एकदाही केलेली नव्हती. आणि कोर्सवर प्रत्येक फटक्याआधी तीच करावी लागते.

दुसरी गोष्ट मॅटची. आयर्न बॉलच्या दोन इंच आधी टेकलं तर मॅटवरून ते घसरत पुढे जातं आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. गवतावर तेच आयर्न मातीत रुततं आणि बॉल वीस यार्ड घरंगळतो. मॅट चुका पोटात घालते. शिवाय मॅट सपाट असते. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी खेळताना बॉल कधी पायांच्या वर, कधी खाली. तिथे डॉक्टरांचे निम्मे फटके बॉलच्या डोक्यावरून जात होते.

तिसरी गोष्ट पुटिंगची. ज्येष्ठ मंडळी पूर्ण चुकीची नव्हती. तीन-तीन पुट बरेच होत होते. पण त्या राउंडचं कार्ड फटक्यागणिक मांडल्यावर दिसलं की मोठं नुकसान टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यात, होतंय: उजवीकडे वळत जाणारा ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारी स्टिक), हद्दीबाहेर गेलेले बॉल, त्याचे दंडाचे फटके. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी प्रचंड संख्येनं फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलंय की सरस आणि साधारण खेळाडूंच्या स्कोअरमधल्या फरकाचा साधारण दोन-तृतीयांश वाटा शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. डॉक्टरांचं कार्ड त्याहून फार वेगळं सांगत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी सहज सांगितली. शुक्रवारी सकाळी पेशंटच्या तोंडात हात घातला की उजवं कोपर ठणकतं. आठवड्याला तीनशे बॉल, कडक मॅटवर. हातावर पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत हे कारण मला स्कोअरपेक्षा मोठं वाटलं.

पुढे काय पर्याय होते

पहिला पर्याय त्यांचा स्वतःचा: रेंज वाढवायची, तीन महिने कोर्स बंद आणि स्विंग मुळापासून घडवायचा. हा पर्याय ऐकायला शिस्तीचा वाटतो आणि कोच लोकांना आवडतोही, कारण त्यात लेसन जास्त होतात. पण ऑक्टोबरअखेर ते मे हाच मुंबईत खेळायचा काळ. तो मॅटवर घालवायचा आणि पावसाळा लागल्यावर कोर्स शोधायचा, याला अर्थ नव्हता. कोपराचा प्रश्नही होताच.

दुसरा नवऱ्याचा: रेंज बंद, नुसतं खेळणं. यात तथ्य होतं. दिशा ठरवणं, चढ-उतार, वारा, एका फटक्यानंतर दहा मिनिटं चालून दुसरा मारणं, हे कोर्सशिवाय कुठे शिकणार? पण नुसतं खेळून एखादा फटका सुधारत नाही, कारण तो फटका वाट्याला पुरेसा येतच नाही. अठरा होलमध्ये त्यांच्या हातात सात नंबर जेमतेम पाच-सहा वेळा येत होतं. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) फटका कधी दोनदा, कधी एकदाही नाही. शिवाय चारचौघांत, मागे दुसरा ग्रुप थांबलेला असताना माणूस शिकत नाही, निभावून नेतो.

तिसरा पर्याय सिम्युलेटरचा, म्हणजे खोलीत पडद्यापुढे बॉल मारायचा, होता. क्लिनिकपासून जवळ, एसीत, पावसातही चालू. बॉल किती यार्ड हवेत गेला, किती वळला, सगळे आकडे पडद्यावर. कोणतं आयर्न खरंच किती जातं हे समजायला तो उत्तम आहे, आणि डॉक्टरांना तो आकडा माहीतच नव्हता. पण पडद्यापुढे जमीन सपाट असते आणि बॉल पाण्यात गेला तर बटण दाबून दुसरा येतो.

चौथा म्हणजे वेळ वाढवायचा नाही, कमीच करायचा, पण रेंजवर कोर्स आणायचा आणि कोर्सवर थोडा सराव. मी याच्या बाजूचा होतो. डॉक्टर नव्हत्या. त्यांना शंभर बॉलांचा घाम हवा होता. पहिल्या बैठकीत आम्ही अर्धवटच सहमत झालो: एक महिना माझ्या पद्धतीनं, नंतर बघू.

काय केलं

बकेट साठची झाली आणि रेंज दोन दिवसांवर आली. साठातले पहिले वीस बॉल एकाच कामासाठी, एकाच आयर्ननं. उरलेले चाळीस 'खेळायचे'. क्लबचं स्कोअर कार्ड समोर ठेवायचं आणि पहिला होल मनात मांडायचा. टीवरून हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपी स्टिक), मग उरलेल्या अंतराचं आयर्न, मग वेज (जवळून उंच मारायची स्टिक). लागोपाठ दोन बॉल एकाच स्टिकनं मारायचे नाहीत. प्रत्येक बॉलला मॅटवरून खाली उतरून मागे जायचं, लांबचा झेंडा आणि बॉलपुढचं जवळचं एखादं गवताचं पातं एका रेषेत धरायचं, मग येऊन उभं राहायचं. मॅटची कड नडू नये म्हणून निशाणा मुद्दाम तिरका. फटका वाया गेला तरी तोच पुन्हा मारायचा नाही. कोर्सवर मिळत नाही तर इथे का मिळावा?

दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर वैतागल्या. सरळ जाणारं सात नंबर आता दहातून चार वेळा सरळ जात होतं. शेजारच्या मॅटवरचे गृहस्थ मदतीला येऊन स्विंग सुधारायला लागले. (रेंजवर स्त्री खेळाडू दिसली की न मागता कोच होणाऱ्यांची मुंबईत कमी नाही.) "सर, पैसे देऊन मी वाईट खेळायला शिकतेय का?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि या प्रकरणातली पहिली खरी कसोटी इथे आली.

मी त्यांना 1979 सालचा शे आणि मॉर्गन यांचा प्रयोग सांगितला. गोल्फशी त्याचा संबंध नाही. हातात टेनिसचा बॉल घेऊन छोटे लाकडी अडथळे ठरावीक क्रमानं झटपट पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम. एका गटानं एकच क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट आले. सरावादरम्यान घोटणारे सरस ठरले. नंतर जेव्हा पुन्हा चाचणी घेतली तेव्हा उलटसुलट शिकलेले सरस ठरले, आणि नव्या क्रमांतही त्यांनाच जास्त जमलं. कारण असं देतात की घोटताना उत्तर आधीच्या फटक्यातून तयार मिळतं, तर क्रम मोडला की दरवेळी हालचाल नव्यानं जुळवावी लागते. डॉक्टर शिकलेल्या, त्यांना प्रयोग पटला. राग मात्र आला तो आलाच. शेवटी तडजोड झाली: सुरुवातीचे वीस बॉल घोटायचे ते तीस करायचे. शास्त्राच्या दृष्टीनं फार फरक नाही, पण रेंजवरून घरी जाताना काहीतरी जमलं असं वाटलं नाही तर माणूस दोन महिन्यांत गोल्फच सोडतो. हे मी बरेचदा पाहिलंय.

गुरुवार सकाळ कोर्सची झाली. अठरा नाही, नऊ होल. सहाच्या सुमारास टीवर आणि आठपर्यंत मोकळं. महिन्यातून एखाद्या गुरुवारी ऐरोली पुलावरून खारघर, बाकी क्लबात. नऊ होलचं कार्ड हँडिकॅपसाठी (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) फुकट जातं असा त्यांचा समज होता. जागतिक हँडिकॅप पद्धतीत 2024 साली सुधारणा झाली, आणि आता नऊ होलच्या स्कोअरला उरलेल्या नऊ होलांचा अपेक्षित आकडा जोडून लगेच अठराचा हिशेब होतो. सोबत मार्कर, म्हणजे स्कोअरची साक्ष देणारा, असेल त्या दिवशी कार्ड जमा करायचं, नसेल तर नुसतं खेळायचं.

दर गुरुवारी एकच प्रश्न घेऊन जायचं. एका आठवड्यात प्रश्न 'उभी राहिले तेव्हा निशाणा कुठे होता?', दुसऱ्यात 'पहिला पुट किती लांब थांबला?' कार्डाच्या रिकाम्या रकान्यात फक्त त्याचीच खूण. आधी त्यांनी माझ्या नकळत मोबाइलवर सगळंच टिपायला सुरुवात केली होती: फेअरवे (टी आणि ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी), ग्रीन, पुट, वारा, मूड. तिसऱ्या होलपर्यंत त्या खेळाडू उरल्या नव्हत्या, कारकून झाल्या होत्या. ते थांबवलं. गुरुवारचं उत्तर पुढच्या सोमवारी रेंजवर घोटायच्या तीस बॉलांचं काम ठरवायचं. नऊ होल आणि साठ बॉल यांना जोडणारा दुवा एवढाच होता, आणि माझ्या मते प्रमाणापेक्षा तोच महत्त्वाचा ठरला.

कोर्सवर सरावाला नियम किती जागा देतात हे फार जणांना माहीत नसतं. एक होल संपून दुसरा सुरू व्हायच्या मध्ये, नुकत्याच संपवलेल्या ग्रीनवर किंवा त्याच्या आसपास आणि पुढच्या टीजवळ पुट आणि चिप (ग्रीनलगतचे छोटे फटके) मारून बघता येतात. अट अशी की खेळ खोळंबू नये, आणि क्लबच्या समितीनं त्याला मनाई केलेली नसावी. सकाळी सहाला मागे कुणी नसतं. डॉक्टर प्रत्येक ग्रीनवर चुकलेला लांबचा पुट पुन्हा एकदाच मारायच्या, खऱ्या उतारावर. घरच्या गालिच्यावर हे मिळणं शक्य नव्हतं. गालिच्यावर मात्र रात्री क्लिनिक आटोपल्यावर चार फुटांचे पुट होत. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणून त्याहून अरुंद असं पाण्याचं भांडं आडवं ठेवलेलं. आठ फुटांवरून पीजीए टूर या अमेरिकी स्पर्धामालिकेतले व्यावसायिक साधारण निम्मेच पुट घालतात, हे सांगितल्यावर त्यांनी आठ फुटांवर स्वतःला शिव्या देणं बंद केलं, हाही फायदाच.

ग्रिपचा निर्णय

सर्वात जास्त वाद या मुद्द्यावर झाला. उजवीकडे वळणाऱ्या ड्रायव्हरचं मूळ ग्रिपमध्ये, म्हणजे स्टिक धरण्याच्या पद्धतीत, होतं. डावा हात स्टिकवर जरा जास्त उजवीकडे वळलेला हवा होता, तो डावीकडेच राहत होता, आणि उजवा हात आवळलेला. बदल एका लेसनचा, पण अंगवळणी पडायला काही आठवडे, आणि तोवर खेळ बिघडणार हे नक्की.

डॉक्टरांना तो जानेवारीतच हवा होता. रोग दिसला की उपचार, असा त्यांचा बाणा. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा. त्यांचा प्रश्न: "म्हणजे कीड दिसतेय आणि मी दात तसाच ठेवू?" माझं म्हणणं एवढंच होतं की दर गुरुवारी कोर्सवर जाणाऱ्या माणसानं ग्रिप बदलली की गुरुवारी दडपणाखाली जुनी ग्रिप परत येते. अर्धी नवी, अर्धी जुनी असं काहीतरी तयार होतं आणि ते दोन्हीपेक्षा वाईट. ग्रिपसारखा बदल घोटूनच करायचा असतो, शंभर वेळा तोच, आणि मध्ये स्कोअर नको. एरवी ज्या घोटण्यावर मी टीका करतो त्याची खरी जागा ही.

शेवटी ठरलं की मेपर्यंत ड्रायव्हर बॅगेतच राहील. टीवरून हायब्रिड, निशाणा फेअरवेच्या डाव्या कडेला, उजवीकडे वळला तर वळू दे. वीसेक यार्ड कमी, पण बॉल हद्दीत. नवऱ्याच्या फोरबॉलमधल्यांनी चिडवलं. डॉक्टरांनी ते दोन रविवार सोसलं, तिसऱ्या रविवारी त्यांतल्या एकाला हरवलं आणि विषय संपला.

जूनमध्ये पाऊस लागला. फेअरवेवर बॉल जमिनीत रुतायला लागले, उचलून पुसून ठेवायची मुभा असली तरी जोराच्या पावसात कोर्स बंदच. आता रेंजच्या छपराखाली ग्रिप. या काळात बकेटमधले सगळे बॉल घोटायचे, अर्ध्या ताकदीनं, कोपर सांभाळून. आवळलेल्या हातासाठी मी नेहमीच्या सूचना देऊन पाहिल्या, उपयोग झाला नाही. मग त्यांच्याच कामातली सापडली: तोंडात आरसा धरणारा डावा हात. तो कधी आवळत नाही, नाहीतर पेशंटच्या गालाला लागेल. "त्या हातासारखं धरा," म्हटल्यावर पाचव्या-सहाव्या बॉलला आवाज बदलला. अधूनमधून सिम्युलेटरवर जाऊन प्रत्येक आयर्नचं अंतर लिहून काढलं. ते काम पावसात उरकलं हे बरं झालं.

हँडिकॅप वर गेला तेव्हा

मध्ये एक अवघड टप्पा येऊन गेला, तो सांगायला हवा. आम्ही सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांचा हँडिकॅप इंडेक्स सव्वीसच्या आसपास होता. एप्रिलमध्ये तो अठ्ठावीसवर गेला. चार महिने माझं ऐकून आकडा वर! त्यांनी मला फोन केला नाही, नुसता स्क्रीनशॉट पाठवला.

खेळ बिघडला नव्हता. जुना आकडाच फसवा होता. 2020 पासूनच्या पद्धतीत शेवटच्या वीस कार्डांपैकी उत्तम आठांची सरासरी धरतात. पण कार्डं कमी असतील तर तक्ता वेगळा. फक्त तीन कार्डं असतील तर त्यांतलं सर्वात चांगलं एक घेतात आणि त्यातून आणखी दोन वजा करतात. डॉक्टरांची तेव्हा तीनच कार्डं होती, त्यातलं एक क्वचित लागणाऱ्या बऱ्या दिवसाचं. म्हणजे सव्वीस हा त्यांचा खेळ नव्हता, त्यांची एक सकाळ होती, वर सवलत. गुरुवारची कार्डं पडायला लागल्यावर नऊ-दहा कार्डांतल्या उत्तम तिघांची सरासरी निघाली आणि खरा आकडा दिसला.

हे त्यांना पटवायला मी तक्ता दाखवला, पण पटलं ते वेगळ्या गोष्टीनं. डिसेंबरची आणि एप्रिलची कार्डं शेजारी ठेवली. डिसेंबरात एका होलवर आठ, नऊ असे आकडे पाच-सहा ठिकाणी, एप्रिलमध्ये नऊ होलांत एखादा. बरे होल तितकेच होते, वाईट होल कमी झाले होते. उत्तम कार्डांवर चालणाऱ्या इंडेक्सला ही सुधारणा उशिरा दिसते. त्या म्हणाल्या, "बरं, पाऊस संपेपर्यंत हा आकडा बघायचाच नाही." तसं केलं.

काय निष्पन्न झालं

ऑक्टोबरअखेर कोर्स कोरडा झाल्यावर ड्रायव्हर बॅगेतून बाहेर आला. पहिले दोन-तीन गुरुवार खराब गेले, मग उजवीकडचं वळण निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही, जाईलसं वाटतही नाही. पुढच्या मार्चमध्ये वीस कार्डं पूर्ण झाली तेव्हा इंडेक्स तेवीसच्या घरात होता. अठरा होलमध्ये शंभराच्या खाली त्या काही वेळा गेल्या, दरवेळी नाही. तीन पुट कमी झाले. तिरक्या जमिनीवरून बॉलच्या डोक्यावर बसणारे फटके अजून होतात, पण आता त्या तिथे दोन नंबरांनी आखूड स्टिक घेऊन सावध खेळतात.

कोपराचा ठणका थांबला. त्याचं श्रेय कमी बॉलांना की हलक्या ग्रिपला, सांगता येणार नाही.

वेळेचा हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. आधी रेंजवर आठवड्याला सहा तास जात. नंतर रेंज तीन तास आणि कोर्स दोन, शिवाय जाणं-येणं. म्हणजे गोल्फला दिलेला वेळ वाढला नाही. मॅटवर शंभर फटके पाऊण तासात होतात, कोर्सवर शंभर फटक्यांना साडेचार तास लागतात. एका बॉलनंतर दुसरा बॉल येईपर्यंत जो रिकामा वेळ असतो त्यात माणूस काय करतो, हा खेळाचाच भाग आहे, आणि बकेटमध्ये तो मिळत नाही.

आज पुन्हा ठरवायचं झालं तर

ग्रिप पावसाळ्यापर्यंत थांबवण्याचा निर्णय मी तसाच ठेवीन. काही सहकारी कोच याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते पाच महिने चुकीची ग्रिप चालू ठेवली म्हणजे ती आणखी पक्की झाली. मुद्दा चुकीचा नाही. एखादा पंचवीस वर्षांचा, रोज रेंजवर येऊ शकणारा खेळाडू असता तर मीही जानेवारीतच बदलली असती. आठवड्याला तीन तास असलेल्या माणसाचं गणित वेगळं.

अंतरं लिहून काढण्याचं काम पहिल्या पंधरवड्यातच झालं पाहिजे होतं. सव्वाशे यार्डांना सात नंबर पुरत नव्हतं, ते त्यांना सहा नंबरचं अंतर होतं. तो चौथ्या होलवरचा फटका नीट लागला असता तरी आखूडच पडला असता. निशाणा, स्विंग, मन यांचा एवढा विचार झाला आणि हातात स्टिकच चुकीची होती हे सिम्युलेटरवर जुलैत कळलं.

इंडेक्सचा तक्ताही पहिल्या दिवशी समोर ठेवायला हवा. आकडा आधी वर जाणार आहे हे आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

नवऱ्याच्या फोरबॉलचं काय करायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही. गुरुवारच्या शांत नऊ होलांत जे जमतं ते रविवारी चार जणांत, पैजेच्या समोशांवर खेळताना निम्मंच जमतं. दडपणाचाही सराव लागतो, म्हणून मी महिन्यातून दोन रविवार सुचवले. डॉक्टर एकच म्हणतात, कारण रविवारी सकाळचे पेशंट सोडवत नाहीत.

आणि बंकर. वर्षभरात त्याला हातच लागला नाही. रेंजवर वाळू नाही, दोन होलांच्या मधल्या सरावात बंकरमधून मारायला नियमच परवानगी देत नाहीत, आणि राउंडमध्ये तो फटका क्वचित येतो. क्लबच्या सराव बंकरमध्ये दुपारी दीडला ऊन मी म्हणत असतं. सध्या असं ठरलंय की गुरुवारी नऊ होल संपल्यावर, क्लिनिकची घाई नसल्यामुळे, अर्धा तास तिथे घालवायचा. कॅडींनी त्यासाठी थांबायचं कबूल केलंय. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बारा बॉल मारले, त्यांतले तीन बाहेर आले.